दुसरं रेल्वे गेट आणि पाच माणसं

पोरांना शाळेतून काढून घरी शिकवायला लागल्यापासून आमच्या गल्लीत माझ्याबद्दल दोन मतं आहेत. एक, बाई फार शिकलेली आहे. दोन, बाईचं डोकं फिरलंय. गणित-विज्ञान मुक्त विद्यालयाच्या पुस्तकांवर भागतं, तोवर मतं सारखी विभागलेली होती. यंदा मी तत्त्वज्ञान काढलं, आणि पहिल्या मताची माणसंही दुसरीकडे गेली.

"परीक्षेला हाय काय ते?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"नाही."

"मग?"

या 'मग?'चं उत्तर द्यायलाही तत्त्वज्ञानच लागतं, म्हणून मी गप्प बसले.

खरी पंचाईत पुस्तकांची. जो तो 'सोफीज वर्ल्ड' सुचवतो. नॉर्वेत 1991 साली निघालेली ही कादंबरी, पोरांच्याच वयाची नायिका, म्हणून हौसेनं आणली. त्यात चौदा वर्षांच्या सोफीला टपालपेटीत 'तू कोण आहेस?' अशी चिठ्ठी सापडते. "आपल्याकडं लाइट बिल सोडून काय येतंय?" लेक म्हणाली, "आणि त्यावर आपण कोण ते आधीच छापलेलं असतंय." मराठीत वाडेकरांनी संपादलेला तत्त्वज्ञान महाकोश आहे, तीन खंडांचा, 1974 चा. वाचनालयातून पहिला खंड उचलून आणताना माझा खांदा भरून आला. तो खंड सध्या चिरंजीव लॅपटॉप उंच करायला वापरतात.

मग म्हटलं, पुस्तक राहू दे, नुसते पेच घालू. फिलिपा फूट या इंग्रज बाईंनी 1967 मध्ये घातलेला ट्रामचा पेच जगभर शिकवतात. ब्रेक न लागणारी ट्राम, पुढं रुळावर पाच माणसं, फाट्यावरच्या रुळावर एक. रूळ बदलायचा का? बेळगावात ट्राम कधी नव्हतीच, म्हणून मी तो पेच टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर आणून ठेवला. तिथंच चुकलं म्हणायचं तर तसंही नाही, कारण दोघंही पहिल्यांदाच जागी झाली.

"गेट पडलंय ना? मग पाच जण रुळावर कसे?"

"वाकून चाललेत. स्कूटर आडवी करून."

"मग त्यांना माहीत आहे की गाडी येतेय."

"आणि रूळ बदलणं रेल्वेच्या माणसाचं काम. आपण हात लावला तर आत जाऊ."

"आणि तो एकटा कोण? तो पण वाकून आलाय की बिचारा गेट उघडायची वाट बघत थांबलाय?"

पाच मोठे की एक मोठा, हे राहिलं बाजूला. नियम मोडणाऱ्या पाचांसाठी नियम पाळणाऱ्या एकाला का मारायचं, यावर जेवणं थंड झाली.

मला कसोटी सापडली ती न्यायसूत्रात, म्हणजे न्यायदर्शनाच्या, तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात. ज्या गोष्टीबद्दल साध्या माणसाची आणि जाणकाराची बुद्धी सारखी चालते, तो दृष्टांत, असं गौतमानं म्हटलंय. पुस्तक निवडायला याहून चांगला नियम मला तरी माहीत नाही. अनुक्रमणिका, चित्रं, मागच्या पानावरची स्तुती बघू नये. उदाहरणं बघावीत. आमच्या घरात जाणकार मी (निदान तसा माझा समज), आणि साध्या माणसाच्या जागी सासूबाई, माहेर खानापूर.

लगेच त्याच पुस्तकाची परीक्षा घेतली. न्यायदर्शनाचं ठरलेलं उदाहरण: डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय. जिथं धूर तिथं आग, जसं स्वयंपाकघरात.

"आपल्या स्वयंपाकघरात धूर कुठाय?" चिरंजीव. "गॅस आहे. म्हणजे आगही नाही?"

सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आग असली की धूर असायलाच पाहिजे, असं कोण म्हणालं? वाळकं जळण धूर करतंय होय? ओलं घाल, मग बघ डोळ्यांचं काय होतंय."

मी पान उलटलं. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांचं, म्हणणं हेच: धुरावरून आग कळते, आगीवरून धूर नाही; त्याला ओल्या इंधनाची उपाधी, म्हणजे जादा अट, लागते. तापलेल्या लोखंडात आग असते, धूर नसतो. तेवढ्यात लेकीनं पावसाळ्यातला येळ्ळूरचा गड काढला. "लांबून दिसतंय ते धुकं असलं तर?" ही शंकाही जुन्या ग्रंथांत आहे. पुस्तक पास झालं.

यांचं म्हणणं वेगळं. "एवढं हिंदवाडीत गुरुदेव रानड्यांचं मंदिर आहे, त्यांचं उपनिषदांवरचं पुस्तक घे की." रानड्यांचं 1926 चं ते इंग्रजी पुस्तक मी चाळलं आणि तिथून प्रश्नोपनिषदाकडे गेले. सहा जण पिप्पलादाकडे शंका घेऊन येतात. तो सांगतो, वर्षभर इथं तप करून राहा, मग विचारा, आम्हाला ठाऊक असलं तर सांगू. ही अट मला अतोनात आवडली. पोरांनी ती एकमतानं फेटाळली.

आता थीसियसचं जहाज चालू आहे. एकेक करत सगळ्या फळ्या बदलल्या, तर जहाज तेच का? उदाहरण लेकीनंच दिलं. हे गाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात, मग म्हैसूरमध्ये, 1973 ला म्हैसूरचं कर्नाटक झालं, 2014 ला बेळगावचं बेळगावी. "पण हे उलटं आहे," चिरंजीव म्हणाले. "जहाजाच्या फळ्या बदलतात, नाव राहतं. इथं फळ्या त्याच, पाट्या बदलतात."

"फळ्या कुठल्या त्याच?" सासूबाई म्हणाल्या. "गल्लीतले वाडे पाडून अपार्टमेंट बांधलेत, ते दिसत नाहीत होय?"

यांनी उठून खिडक्या लावल्या आणि हा धडा ऑक्टोबरातच संपवायचा, असा हुकूम काढला. एक नोव्हेंबरला या एकाच गावात कुणाचा राज्योत्सव असतो आणि कुणाचा काळा दिवस. त्या दिवशी आमची दोघं 'जहाज तेच का?' विचारत रस्त्यावर गेली, तर काय होईल ते सांगता येत नाही. सॉक्रेटिसवर निदान रीतसर खटला तरी चालला होता.