गाण्यात बोलतंय कोण? यंदाची माझी सहा गाणी

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर पोरगी मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसली. गाण्याच्या अ‍ॅपनं तिला वर्षभराचा हिशेब काढून दिला होता. कुठलं गाणं किती वेळा ऐकलं, कुठल्या गायकाला किती मिनिटं दिली, सगळं रंगीत चौकटीत. मग म्हणाली, "मम्मी, आता तुझी दाखव ना." माझ्याकडे ते अ‍ॅप नाही. मी ऐकलेली निम्मी गाणी तर कुठल्या अ‍ॅपवर सापडायचीही नाहीत. त्यावर ती म्हणाली, "मग तुझं या वर्षाचं आवडतं गाणं कोणतं, हे तुला कळणार कसं?"

तिनं सहज विचारलं होतं, पण दोन दिवस ते डोक्यातून जाईना. शेवटी भाजीच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहायला बसले. यंदा निघालेली गाणी घ्यायची नाहीत, यंदा मला भेटलेली घ्यायची एवढंच ठरवलं. सहा निघाली. खालून वर सांगते.

सहावं गाणं फेब्रुवारीत चोपड्याच्या लग्नात भेटलं. मिरवणूक पारापाशी आली आणि बँडवाल्यानं 'केसावर फुगे' हे अहिराणी गाणं धरलं. तोवर मागे मागे चालणाऱ्या बायकाही पुढे घुसल्या. माझी साठीची मामी, जिनं नऊवारीचा पदर कधी डोक्यावरून ढळू दिला नाही, ती दोन्ही हात वर करून नाचत होती. मला हे गाणं आवडतं आणि का आवडतं ते नीट सांगायला हवं. पुण्याला शिकायला होते तेव्हा आईचा फोन आला की मी वसतिगृहाच्या गच्चीवर जायचे, कारण खोलीत तिच्याशी अहिराणीत बोलायची लाज वाटायची. एकदा 'मला'ऐवजी 'माले' म्हटलं तर खोलीतल्या पोरी आठवडाभर मला तसं चिडवत होत्या. आज तीच बोली यूट्यूबवर कोट्यवधी वेळा वाजते. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची पोरं स्वतः गाणी लिहितात, शेतात आणि गल्लीत शूटिंग करतात, आणि ज्यांना अहिराणीचा एक शब्द कळत नाही तेही लग्नात त्यावर नाचतात. त्या पोरांचे माझ्यावर उपकार आहेत. मी गच्चीवरून खाली उतरले ती थोडी त्यांच्यामुळेही.

पण त्या रात्री घरी येताना गाडीत एक गोष्ट मनात आली आणि मग वर्षभर ती प्रत्येक गाण्याला लावून बघत राहिले. गाण्यात बोलतंय कोण? आपल्या या नव्या अहिराणी गाण्यांत पोराला पोर दिसते. तिचे केस, तिचा झुमका, तिची चाल. सगळं पोरगा सांगतो. ती काय म्हणते? दहातल्या नऊ गाण्यांत काहीच नाही. ती हसते आणि निघून जाते. माझी पोरगी चौदा वर्षांची आहे, ती या गाण्यांवर मनापासून नाचते आणि तिनं नाचावं. फक्त ज्या बोलीत तिच्या आज्या-पणज्या इतकं बोलल्या, त्या बोलीतली आजची पोर गाण्यात मुकी असावी, हे मला खरंच टोचतं.

पाचवं गाणं मला कळलंच नाही. नंदुरबारच्या मैत्रिणीनं होळीला काठी गावाला नेलं होतं. अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्यात. काठीची राजवाडी होळी पेटते ती पहाटे, रात्रभर नाच झाल्यावर. मधोमध गगनाला टेकेल असा उंच बांबू. कमरेला वाळके भोपळे आणि घुंगरं बांधलेले, अंगावर पांढरे ठिपके काढलेले नवसाचे बावा-बुध्या, आणि मोठमोठे ढोल. ढोल छातीत वाजतो, हे वाक्य मी वाचलं होतं. तिथं समजलं की ते खरंच छातीत वाजतं, श्वास त्याच्या ठेक्यावर यायला लागतो. पण माझ्या यादीत आलं ते बायकांचं गाणं. एकमेकींच्या कमरेत हात घालून दहा-बाराजणींची रांग, दोन पावलं पुढं, एक मागं. एक ओळ या बाजूच्या म्हणायच्या, तीच पलीकडच्या उचलायच्या. थंडीत तोंडातून वाफ निघत होती. मैत्रिणीला विचारलं, काय म्हणतात? ती म्हणाली, यातले अर्धे शब्द मलाही येत नाहीत, पण त्या एकमेकींना विचारतायत आणि उत्तर देतायत. तेवढ्यावर मला ते गाणं पुरलं.

चौथं, 'नभ उतरू आलं'. हे सगळ्यांना माहीत आहे, थोडक्यात सांगते. आमच्याकडे यंदा पाऊस लांबला. भावानं सरकी लावून ठेवली होती आणि रोज संध्याकाळी पश्चिमेला बघत बसायचा. ज्या दुपारी पाऊस आला त्या दुपारी मी मळ्यातच होते. निंदायला आलेल्या बायका विहिरीवरच्या आंब्याखाली गोळा झाल्या. त्यातल्या एकीच्या मोबाईलवर हे गाणं लागलं आणि तिनं तो फांदीच्या बेचक्यात ठेवून दिला. १९७७ च्या 'जैत रे जैत'मधलं हे गाणं. गोष्ट कर्नाळ्याकडच्या ठाकरांची, पण मला ते नेहमी आमचं वाटत आलंय. शब्द ना. धों. महानोरांचे. त्यांचं पळसखेड जिल्ह्यानं छत्रपती संभाजीनगरचं असलं तरी अजिंठ्याच्या डोंगराखालचं, आमच्या शिवेला लागलेलं. गाणाऱ्या आशाताई आणि चाल बांधणारे हृदयनाथ, दोघांचं आजोळ तापीकाठचं थाळनेर. आणि पडद्यावरच्या स्मिता पाटील शिरपूरच्या घरातल्या. महानोर ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. पाऊस पडत असताना, कापसाच्या शेतात, निंदणाऱ्या बाईच्या मोबाईलवर त्यांचे शब्द ऐकायला मिळाले, याहून चांगली जागा त्या गाण्याला मिळाली नसती.

तिसरं कानबाईचं. नेमकं एक गाणं सांगता येणार नाही, ती रात्रच एक गाणं आहे. बाहेरच्यांसाठी सांगते: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते. नारळाची देवी, नथ-डोरलं घालून सजवलेली, चौरंगावर. पुण्या-मुंबईला गेलेले, सुरतेला गेलेले, भावबंदकीत एकमेकांशी न बोलणारे, सगळे त्या दिवशी मूळ घरी येतात, कारण रोट, म्हणजे देवीचा नैवेद्य, एकाच चुलीवर होतो. दुसऱ्या दिवशी सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. रोटाचं धान्य घरातल्या पुरुषांच्या संख्येवर मोजतात. लहानपणी मी विचारलं होतं, माझी मूठ कुठंय? आजी काही बोलली नाही. पण रात्र होते तेव्हा तिथं बायकांचंच राज्य असतं. पुरुष ओट्यावर पेंगतात आणि आत कानबाईपुढं गाणी सुरू होतात ती पहाटेपर्यंत. बायका देवीशी बोलतात ते शेजारणीशी बोलल्यासारखं. तुझा नवरा कन्हेर कुठं राहिला, तुझं सासर कसं आहे, तू आलीस तशी राहा ना दोन दिवस. यंदा रात्री दोनच्या सुमाराला माझ्या धाकट्या जावेनं, जी एरवी घरात चार शब्द बोलत नाही, एक गाणं उचललं. देवीच्या आडून ती काय काय बोलून गेली! सासूबाई शेजारी बसून टाळ्या देत होत्या. गाणं संपलं तेव्हा त्यांनीच तिला पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी कुणी त्यावर एक अक्षर काढलं नाही. पण सप्टेंबरात ती आठ दिवस माहेरी जाऊन आली, आणि तिला कुणी 'कशाला' म्हणून विचारलं नाही.

दुसरं गाणं बहिणाबाईंचं, 'अरे संसार संसार'. हे मला याच महिन्यात भेटलं आणि माझा रागही त्यातच आहे. ३ डिसेंबर हा बहिणाबाईंच्या पुण्यतिथीचा दिवस, १९५१ साली त्या गेल्या. त्यानिमित्त एका शाळेत कार्यक्रम होता, मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. सातवीतली एक मुलगी हे गाणं म्हणणार होती. तालमीत ती 'चुल्ह्यावर' म्हणाली, जसं बहिणाबाईंनी म्हटलंय तसंच. बाईंनी तिला थांबवलं आणि सांगितलं, "चुलीवर म्हण, शुद्ध म्हण." पोरीनं मुकाट्यानं बदललं.

मी तिथं बोलले, इथंही बोलते. आसोद्यात जन्मलेली, कधी शाळेत न गेलेली बाई, जी शेतात आणि जात्यावर गाणी रचत होती. तिच्या मुलानं, सोपानदेवांनी ती उतरून ठेवली, अत्र्यांनी ती वाचली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. आज जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. तिच्या नावाच्या कार्यक्रमात तिचाच शब्द अशुद्ध? 'चुल्ह्यावर' म्हणताना जीभ 'ल्ह्या'वर दाबली जाते, तवा चुलीवर ठेवताना हात दाबतो तशी. 'चुलीवर' म्हटलं की ती घसरून पुढं जाते. गाण्यातला चटका तिथंच जातो. आणि आणखी एक, आपल्यातलेच लोक बहिणाबाईंची भाषा सरसकट अहिराणी म्हणून सांगतात. ती लेवा गणबोली आहे. दोन्ही आपल्याच, पण दोन आहेत. तेवढं तरी आपण खानदेशातल्यांनी नीट सांगावं.

त्या मुलीला मी मंचामागे बोलावून म्हटलं, तुझ्या घरी काय म्हणतात? म्हणाली, चुल्हा. मग तसंच गा. ती गायली. पहिल्या 'चुल्ह्यावर'ला तिनं बाईंकडे बघितलं, दुसऱ्याला नाही. म्हणून हे गाणं यंदा दुसऱ्या क्रमांकावर.

आणि पहिलं.

माझं माहेर अमळनेर तालुक्यात, बोरी नदीकाठी. आमच्याकडे वर्ष जानेवारीत बदलत नाही, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बदलतं. सालदाराचं साल त्याच दिवशी संपतं आणि नवं ठरतं. पितरांची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवतात. खापरावरचे मांडे आणि आमरस. पुरुष पत्ते कुटतात. आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, मोठ्या झाडाला झोका बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. लेकीची दिवाळी ती हीच.

यंदा मी सहा वर्षांनी आखाजीला गेले. आमच्या दारातल्या निंबाला भावानं झोका बांधला होता. माझी फुई, वडिलांची थोरली बहीण, तीही आली होती. वय ऐंशीच्या जवळ, गुडघे कामातून गेलेले. लहानपणी गावातल्या सगळ्या पोरी तिच्यामागून गाणी म्हणायच्या. 'आथानी कैरी, तथानी कैरी' हे तर खानदेशातल्या प्रत्येक लेकीला येतं, ते आम्हीही म्हटलं. पण तिचं एक वेगळं होतं, लांबलचक. त्यात सासरी असलेली लेक आखाजीला न्यायला येणाऱ्या मुराईची, म्हणजे भावाची वाट बघते आणि वाटेवरच्या एकेका गावाचं नाव घेत तो आता कुठं पोचला असेल ते मोजते. मधल्या गावांची नावं फुईच्या सासरपासून आमच्या गावापर्यंतची, खरी. ते मला हवं होतं. मोबाईल सुरू करून ओट्यावर तिच्यापुढं धरला. दोन कडवी झाली आणि ती अडली. परत पहिल्यापासून म्हटलं, परत तिथंच अडली.

"इतला वरीस व्हई गयात, कोनले ध्यान राहस वं," म्हणाली. मी मोबाईल बंद केला. तशी तिनं निंबाकडं बघितलं आणि म्हणाली, "झोका दे वं, मंग याद यी."

भावानं आणि मी धरून तिला फळीवर बसवलं. मी मागून हलकेच झोका दिला. तिनं दोन हातांनी दोर धरले, डोळे मिटले. झोका पुढं गेला की ओळीचा पहिला अर्धा, मागं आला की दुसरा. श्वास घ्यायची जागा ती, जिथं झोका क्षणभर थांबतो. तिसरं कडवं आलं. चौथं आलं. मी फक्त झोका देत होते आणि एकेक गाव येत होतं. शेवटच्या कडव्यात भाऊ वेशीत येतो आणि लेक सासूला विचारते, जाऊ का? असं मला आठवत होतं. मी तीस वर्षं चुकीचं धरून बसले होते. फुईच्या तोंडून आलं ते असं, की लेक सासूला सांगते, मी निघाले. भाकरी झाकून ठेवलीय.

माझी पोरगी शेजारी उभी होती. तिला अहिराणी अर्धीच येते. ती म्हणाली, "मम्मी, ही विचारत नाहीये."

मोबाईल बंदच होता हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा फुई उतरायला म्हणत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं तेव्हा लावून ठेवला, पण निंबाच्या पाल्याची सळसळ आणि वारा एवढा, की तिचा आवाज मधूनमधूनच येतो. माझ्याकडे आहे ती नोंद चार मिनिटांची, अर्धी वाऱ्याची. तरी वर्षभरात मी दुसरं काही इतक्यांदा ऐकलेलं नाही. पोरीला तिसऱ्या कडव्यापर्यंत पाठ आलंय. ती म्हणताना उभ्या उभ्या झुलते, कारण झुलल्याशिवाय तिलाही पुढची ओळ येत नाही.

गेल्या आठवड्यात फुईचा नातवाच्या मोबाईलवरून निरोप आला, आवाजी. मधलं एक गाव राहून गेलं होतं, ते तिला आठवलंय. ते गाऊन पाठवलंय, आणि शेवटी एवढंच, "दोर जुना व्हई गया वं. आखाजीले येशी तव्हय नवा लई येजो."