घोड्याची चंदी आणि माझी शटलं

पन्नाशीवरच्यांच्या बॅडमिंटन दुहेरीत आमची जोडी जिंकली. माणशी बक्षीस 15,000, हातात आले 10,500. साडेचार हजार टीडीएस, म्हणजे देतानाच कापलेला कर. उपविजेत्यांना माणशी बरोबर 10,000. कापायची वेळ दहा हजारांच्या वर येते, त्यामुळे त्यांचा छदामही गेला नाही. म्हणजे तिसऱ्या गेममध्ये गुडघ्याची वाट लावून आम्ही जी फायनल काढली, तिचा भाव पाचशे रुपये. हरलेली जोडी आमच्यापेक्षा जास्त खुशीत दिसत होती.

पण खर्च वजा करायला माझ्याकडे पावत्या होत्या. पिसांची शटलं तर अशी झडतात, की चांगला स्मॅश बसला तरी आधी जीव हळहळतो. रॅकेटचं गटिंग, ग्रिप, कोर्टाचं भाडं, नी-कॅप, वासानंच शेजाऱ्यांना आमची मॅच कळते असलं ते मलम, आणि सकाळी खेळून झाल्यावरची मिसळ. ''मिसळ औषधपाण्यात दाखवा,'' बायको म्हणाली. तिचा सूर मला आवडला नाही.

सीए माझा वर्गमित्र. त्यानं पावत्यांची पिशवी उघडलीसुद्धा नाही.

''मर्दा, आयोजकांनी हे 1961 च्या आयकर कायद्यातल्या 194बी कलमाखाली कापलंय. लॉटरी, पत्ते, घोड्यांची शर्यत आणि तू, सगळी 115बीबीच्या एका पंगतीत. सरसकट 30 टक्के. खर्च वजा करायचा न्हाई, कलम 58(4). वर त्या करावर चार टक्के सेस. म्हणजे अजून 180 रुपये तूच देणं लागतोस.''

''कुणालाच वजावट न्हाई?''

''हाय की. शर्यतीचे घोडे पाळणाऱ्या मालकाला.''

घोड्याची चंदी, मोतद्दाराचा पगार, नालसुद्धा हिशेबात धरतात. माझे बूट नाहीत. शाहू महाराजांनी ज्या गावात 1912 साली कुस्तीसाठी खासबागेचं मैदान उभं केलं, तिथं हौसेनं लढणाऱ्याच्या बदामाला कायद्यात ओळ नाही. घोड्याच्या हरभऱ्याला आहे. खेळाडू म्हणून कायद्यानं आमच्यात ओळखला तो एकटा घोडाच.

''मग मला धंदेवाईक खेळाडू दाखव. तिथं तर खर्च चालतो.''

''चालतो. पण वह्या ठेवाव्या लागतील. आणि खेळातनं पोट भरतोस हे दिसाय पाहिजे. मागच्या साली काय कमावलंस?''

''थर्मास.''

त्यानं पेन खाली ठेवलं. बराच वेळ हसला. मग म्हणाला, आयकरवाल्यांचं 1986 चं एक परिपत्रक आहे, 447 नंबरचं. हौशी खेळाडूचं बक्षीस ही भेट, त्यावर कर नाही, असं त्यात आहे. ते दाखवून परतावा मागता येईल, पण आयोजकांनी लॉटरीच्या खान्यात टाकल्यावर पत्रव्यवहार करत बसावं लागेल, आणि त्याची फी वेगळी. फी ऐकल्यावर साडेचार हजारांवरचा माझा जीव बराच हलका झाला.

हे सगळं पार्टनरला सांगितलं, तर तो म्हणाला, पुढच्या वेळी रोख नकोच, वस्तू मागू. पुन्हा सीएला फोन. वस्तूवरसुद्धा कर आहे, आणि तो भरल्याशिवाय आयोजकांनी वस्तू हातात द्यायची नाही.

पार्टनरनं क्षणभर आकडेमोड केली. ''म्हणजे 30 टक्के भरून मिक्सर. 70 टक्के सूट की रं! वाईट न्हाई.''

आमच्या घरी मिक्सर आहे. बायकोनं फ्रीज ठेवलेली स्पर्धा शोधायला सांगितलीय.