'तारा' नाव अपशकुनी? हा मेसेज पुढे ढकलणं थांबवा

'तारा नावाचे रहस्य' असा एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. बोरिवलीला माझ्या भाचीच्या मुलीचं बारसं तोंडावर आलंय. नाव तारा ठरलेलं, पाळण्यावर लावायची अक्षरंसुद्धा करून आली. तेवढ्यात सासूबाईंच्या मोबाईलवर हा मेसेज आला आणि घरात रडारड सुरू झाली. नाव बदला म्हणे!

मेसेजमधले दावे चार. तारा नावाच्या बाईला नवरा लाभत नाही; पुरावा, वालीची पत्नी आणि महाराणी ताराबाई. इंग्रजांनी 'स्टार' हा शब्द आपल्या 'तारा'वरून घेतला. आयर्लंडची तारा टेकडी आपल्याच पूर्वजांनी वसवली. आणि तारा म्हणजे फक्त चांदणी, दुसरा अर्थ नाही.

पहिला दावा नुसता खोटा नाही, दुष्ट आहे. वाल्मीकी रामायणाचं किष्किंधाकांड उघडून बघा. सुग्रीव दुसऱ्यांदा आव्हान द्यायला येतो तेव्हा तारा वालीला अडवते. आत्ताच मार खाऊन पळालेला माणूस लगेच परत येतो म्हणजे त्याच्या पाठीशी कुणीतरी आहे, आणि तो राम आहे, हे अंगदाकडून कळलेलं ती नवऱ्याला स्पष्ट सांगते. वाली ऐकत नाही आणि मरतो. मरताना तोच सुग्रीवाला बजावतो की तारेला बारकाईनं विचार करून निर्णय देता येतो, ती सांगेल ते निःशंक कर. हे बाविसाव्या सर्गात आहे. जिचं ऐकलं असतं तर वाली वाचला असता, तिच्याच नावावर त्याचं मरण लिहायचं? 'अहल्या द्रौपदी सीता तारा मंदोदरी तथा' हा श्लोक आपल्या आज्या रोज सकाळी म्हणायच्या. अपशकुनी बाईचं नाव कुणी असं रोज घेतं का?

ताराबाईंचं उदाहरण तर संतापजनक आहे. त्यांचे पती राजाराम महाराज 1700 मध्ये सिंहगडावर आजारपणात गेले. त्याच दिवशी महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाईही विधवा झाल्या, त्यांचं नाव कुठे तारा होतं? ताराबाईंनी त्यानंतर औरंगजेब मरेपर्यंत, म्हणजे 1707 पर्यंत, त्याच्याशी लढा चालू ठेवला. ते सोडून मेसेजवाल्यांना त्यांचं वैधव्य तेवढं दिसलं.

'स्टार'चं म्हणणं अर्धं बरोबर आहे, एवढं मान्य करावं लागतं. दोन्ही शब्द एकाच जुन्या मुळाचे. पण ती भावंडं आहेत, आई-लेक नव्हेत. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात ताऱ्यांसाठी 'स्तृभिः' असं रूप येतं, म्हणजे तो 'स' आपल्याकडेही होता. फारसीत तोच 'सितारा'त आहे. कुणी कुणाकडून उचललेलं नाही.

आयर्लंडचं थोडक्यात. मीथ परगण्यातल्या त्या टेकडीचं मूळ आयरिश नाव 'ट्याउर'च्या जवळपास उच्चारलं जातं, 'तारा' हे इंग्रजीत रुळलेलं रूप. तिकडच्या कितीतरी मुलींचं नाव या टेकडीवरून आलं. आपल्या ताऱ्याशी त्याचा संबंध नाही.

राहिला अर्थ. 'तॄ' म्हणजे तरून जाणे. त्यावरून तारा म्हणजे पैलतीराला नेणारी. तिबेटी लोकांनी बौद्धांच्या तारा देवीच्या नावाचं भाषांतर 'डोल्मा' केलं ते याच अर्थानं, चांदणीच्या नव्हे. आणि पुरावा बोरिवलीतच आहे. कान्हेरीच्या 90 क्रमांकाच्या लेण्यात संकटांतून सोडवणारा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर कोरलाय, भोवती संकटात सापडलेली माणसं आहेत आणि त्याच्या शेजारी हीच तारा देवी उभी आहे. सासूबाईंना तिथे घेऊन जा, असं मी भाचीला सांगितलंय.