आधी मांडीतली सुई, मग शेंगदाण्याची मात्रा

शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीवर आता उपचार निघालाय, ही बातमी वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावी पोचली ती अर्धीच. इंग्लंडमध्ये रोज थोडा थोडा शेंगदाणा देऊन अ‍ॅलर्जी घालवतात, असं कुणीतरी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं आणि दोन तट पडले. 'मातीत खेळणाऱ्या पोट्ट्यायले असं काही होत नसते' म्हणणारे एकीकडे. दुसरीकडे माझी काकू: "मी तं पहिलेपासूनच सांगत होती, रोज जरासं चाटवत जा, सवय होते." मला काकूच्या मताची भीती जास्त वाटते, कारण ते निम्मं खरं आहे, आणि गावी माझ्या चुलतभावाच्या मुलाला ही अ‍ॅलर्जी आहे.

खरं किती, ते सांगतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या गिडियन लॅक यांच्या गटाने २०१५ मध्ये ६४० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळी ४ ते ११ महिन्यांची, अंगावर तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली. ज्यांना शेंगदाणा दिलाच नाही, त्यांच्यातल्या सुमारे १७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी त्याची अ‍ॅलर्जी होती. ज्यांना लवकर सुरू केला, त्यांच्यात ३ टक्के. म्हणजे बाळाच्या खाण्यात दाण्याचा बारीक कूट पातळ कालवून घालणारी आपली घरं चुकत नाहीत. पण चाचणीत आधीच जोरदार अ‍ॅलर्जी दिसलेली बाळं त्या अभ्यासातून वगळली होती, हे ग्रुपवर कुणी लिहिलं नाही.

ज्याला अ‍ॅलर्जी झालीच आहे, त्याचा उपचार वेगळा. माझ्या मुलीचा इथे इंग्लंडमध्ये चालू आहे. सुरुवात अर्ध्या मिलिग्रॅम प्रथिनापासून. मोजून भरलेली पूड दह्यात कालवायची. दर दोन आठवड्यांनी मात्रा वाढते, ती दवाखान्यातच. मग तासभर तिथेच बसायचं. नर्स तिचे ओठ पाहते, श्वास ऐकते, पोट दुखतंय का विचारते. घरी डोस घेतल्यावर काही तास उड्या मारायच्या नाहीत, गरम पाण्याने आंघोळ नाही. ताप आला तर आधी डॉक्टरांना फोन. असं करत महिनोन्‌महिन्यांनी ३०० मिलिग्रॅमवर पोचायचं, म्हणजे साधारण एका दाण्याएवढं. आणि एवढं करूनही ती बरी होत नाही. दाण्याचा लाडू तिला वर्ज्यच. चुकून कण पोटात गेला तर जिवावर बेतू नये, इतकाच हेतू. अ‍ॅड्रेनालिनचं पेन, म्हणजे तीव्र रिअ‍ॅक्शन आली तर मांडीत टोचायचं तयार इंजेक्शन, दप्तरात कायम.

साउथॅम्प्टन विद्यापीठाने दुकानात मिळणारे शेंगदाणे, आणि दुधाच्या अ‍ॅलर्जीसाठी दूधच, मोजून वापरण्याची चाचणी हाती घेतली आहे. ते जमलं तर खर्च उतरेल, आणि उद्या अकोल्या-नागपुरातही हे होऊ शकेल. व्हावंच. पण शेंगदाणा आमच्या शेतातही पिकतो, नुसत्या त्याने भागत नाही. उपचार सुरक्षित होतो तो शेजारी तयार असलेल्या इंजेक्शनमुळे.

गावी नेमकं तेच हाताशी नसतं. चुलतभावाच्या मुलाने एका लग्नात दाण्याची चटणी लागलेला घास खाल्ला. अंगावर गांध्या उठल्या, उलटी झाली, आवाज घोगरा झाला. तालुक्याच्या गावी नेलं, तिथे अ‍ॅव्हिल (अ‍ॅलर्जीचं नेहमीचं औषध) आणि डेक्सोना (स्टेरॉइड) टोचलं. पोरगा वाचला, पण त्या दोन्ही औषधांनी सुजणारा घसा आणि घसरणारा रक्तदाब वेळेत सावरत नाही. तिथे पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिन, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, वजनानुसार, लगेच. पेन भारतात सहज मिळत नाही. साधी काचेची अँप्युल मात्र अगदी स्वस्त आहे.

आणि ती गावात येतेसुद्धा! लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंच्या किटमध्ये अ‍ॅड्रेनालिन असतं. लसीनंतर कुणाला तीव्र रिअ‍ॅक्शन आली तर पहिला डोस द्यायची मुभा आणि प्रशिक्षण त्यांना आहे. मग तेच किट उपकेंद्रात रोज का नसावं? खाण्याने, मधमाशी चावल्याने आलेल्या रिअ‍ॅक्शनलाही तोच डोस द्यायची लेखी परवानगी का नसावी? चुलतभाऊ ग्रामसभेत हे मांडणार आहे, अर्ज मी लिहून पाठवलाय. त्यात आणखी एक मागणी आहे: शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंना आणि गुरुजींना गांध्या, उलटी, घोगरा आवाज एकदम दिसला तर काय समजायचं आणि १०८ ला फोन करताना काय सांगायचं, हे एकदा नीट शिकवावं.