पहिलं गाणं तेवढं सोडून बोला

तुमच्या संगीत नाटकाचे प्रीव्ह्यू, म्हणजे रीतसर शुभारंभाआधीचे प्रयोग, सुरू झाले, अभिनंदन! समीक्षक अजून यायचेत, पण प्रेक्षक तिकीट काढून आलेत, आणि दुसऱ्या अंकात अर्धी रांग घड्याळ बघत होती हे तुम्ही मागे उभं राहून पाहिलंत. म्हणजे दुरुस्ती आली.

सगळ्यात आधी, दोष कथेत असेल ही शंका मनाला शिवू देऊ नका. कथा तुम्ही लिहिलीय. दोष टोप्यांमध्ये असतो, धुराच्या यंत्रात असतो, फार तर नायकात. १९८१ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘मेरिली वुई रोल अलाँग’ या संगीत नाटकाच्या प्रीव्ह्यूंमधून लोक उठून जाऊ लागले. गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे जाणारी, पात्रं तरुण पोरांनी केलेली. कोण कोणाचं कोण, याचा पत्ता लागेना. मग मूळ वेशभूषा मोडीत निघाली आणि पात्रांच्या छातीवर त्यांची ओळख छापली गेली. नायक बदलला, नृत्यदिग्दर्शकही बदलला. ५२ प्रीव्ह्यू झाले आणि रीतसर शुभारंभानंतर १६ प्रयोग. तरी वाचायची सोय झाली, हे काय कमी आहे?

दिग्दर्शक-नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्ससारख्या माणसाला मात्र चुकूनही बोलावू नका. १९६२ मध्ये ‘अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम’ हे संगीत नाटक ब्रॉडवेआधी वॉशिंग्टनमध्ये आपटत होतं, कोणी हसेना. रॉबिन्स आले आणि म्हणाले, पहिलं गाणं बदला. हे प्रहसन आहे एवढं लोकांना आधी सांगा. संगीतकार-गीतकार साँडहाइम यांनी ‘कॉमेडी टुनाइट’ लिहिलं आणि त्याच विनोदांना लोक हसू लागले. ब्रॉडवेवर ९६४ प्रयोग! एका गाण्यात काम भागलं, तर बाकीच्या मंडळींनी रात्रभर हॉटेलच्या खोलीत बसून भांडायचं कशावर?

त्यापेक्षा मधलंच एखादं गाणं कापा. दोन मिनिटांचं, कोणाला न आठवणारं. ते तिथे का होतं, हे स्टेज मॅनेजरला विचारू नका, तो सांगेल. त्या दोन मिनिटांत नायिका विंगेत गाऊन बदलत होती आणि पडद्यामागे बंगल्याच्या जागी बाग उभी राहत होती. आता ती एक बाही घालून बंगल्यातच बागेचं गाणं म्हणेल. प्रकाशयोजनेचे सगळे क्यू, म्हणजे दिवे कधी बदलायचे त्या खुणा, सरकतील आणि वादकांच्या वह्यांत पानं चिकटवत कोणीतरी पहाटेपर्यंत जागेल. नट दुपारी नवा प्रवेश बसवतील आणि रात्री जुना करतील. एखाद्याने रात्री चुकून नवा केला, तर त्याला जरूर झापा. शिस्त महत्त्वाची.

सूचना सगळ्यांच्या घ्या. पैसे घातलेल्याच्या भाच्याची आधी.

आणि वेळ कमी पडला तर शुभारंभ पुढे ढकला. ‘स्पायडर-मॅन: टर्न ऑफ द डार्क’ने हे शास्त्र पूर्णत्वाला नेलं. २८ नोव्हेंबर २०१० ला पहिला प्रीव्ह्यू, १४ जून २०११ ला शुभारंभ, मध्ये १८२ प्रीव्ह्यू. वाटेत दिग्दर्शिकेला बाजूला केलं गेलं, दुरुस्तीसाठी काही आठवडे थिएटर बंद राहिलं. समीक्षकांचा धीर फेब्रुवारीतच सुटला आणि त्यांनी शुभारंभाची वाट न बघता परीक्षणं छापून टाकली. उतावळे लोक! नाटक अजून व्हायचं होतं ना.

राहता राहिली नाटक गोठवण्याची तारीख. समीक्षक शेवटच्या काही प्रीव्ह्यूंनाच येऊन बसतात, म्हणून त्याआधी बदल थांबवायची रीत आहे. ती इतरांसाठी. तुम्ही त्या दिवशीही दुपारी चार वाजता एक नवं कडवं घेऊन जा. नायिका नवे शब्द जुन्या चालीवर म्हणेल, वाद्यवृंद नवी चाल वाजवेल. समीक्षकाला त्यात धाडस दिसलं तर ते तुमचं. नाही दिसलं, तर कंडक्टर बदलायला अजून दोन दिवस आहेत.