बॉलवर बसवा आणि थेरपी बंद करा म्हणे!

"तुमचं मूल वर्गात एका जागी बसत नाही? दोष मुलात नाही, खुर्चीत आहे!" असा तो मेसेज, वर्गातली ठरलेली बाकं काढा, हवा भरलेले मोठे बॉल आणि उशा ठेवा, मुलाला हवं तिथे बसू द्या असं सांगणारा. तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल, पाच मुद्दे आणि शेवटी 'प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा'. एरवी मी असलं काही उघडतही नाही, पण परवा मावसबहिणीचा फोन आला की अगं, मग आपण थेरपी थांबवायची का, आणि एक सेशन तिने बुडवलंही होतं. तिचा मुलगा पाच वर्षांचा, एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याचं आणि अतिचंचलतेचं, निदान होऊन जेमतेम चार महिने झालेत. म्हणून हे लिहितेय, नाहीतर माझं काय अडलंय.

तिसरा मुद्दा आधी घेते, डोकं त्यानेच फिरलंय. "चंचल मुलांना औषध-थेरपी काही लागत नाही, खुर्चीच्या जागी बॉल द्या, अमेरिकेत सिद्ध झालंय." असं एक संशोधन आहे, २००३ साली अमेरिकन जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपीमध्ये (रोजची कामं जमावीत म्हणून देतात ती थेरपी) आलेलं. चौथीच्या वर्गात थेरपी बॉल आणि खुर्ची यांची तुलना केली होती. आणि किती मुलांवर? तीन. तीनशे नाही हो, तीन! तिघांनाही एडीएचडी, आणि बॉलवर असताना ती जास्त वेळ जागेवर बसली, वाचता येतील असे शब्दही जास्त लिहिले. चांगलंच झालं की त्या तिघांचं. पण त्यात तुलना बॉलची खुर्चीशी होती, बॉलची थेरपीशी नव्हती. आणि पेपर कुठे छापलाय बघा, थेरपीच्याच जर्नलमध्ये. म्हणजे थेरपिस्टच्या पिशवीतलं एक साधन उचलायचं आणि थेरपिस्टलाच घरी बसवायचं.

वर म्हणे डॉक्टर लगेच गोळ्या सुरू करतात. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ची गाईडलाईन सरळ सांगते की चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी पहिला उपाय गोळी नाहीच, आधी आईबाबांचं ट्रेनिंग, म्हणजे सूचना कशी द्यायची, कौतुक कधी करायचं, आदळआपट सुरू झाली की काय करायचं. बहिणीने बुडवलं ते सेशन नेमकं हेच! भाच्याला एक गोळी चालू नाही, तरी "औषधांच्या विळख्यातून सोडवा" वाचून ती बिचारी रात्रभर जागी.

"एकाग्रता दुप्पट होते." कुणी मोजली, कशाने, ते मेसेजलाही माहीत नाही. पुढे.

"पाठ ताठ राहते." बॉलला मागे टेकायला काही नसतं, मूल दमलं की त्यावरही पोक काढूनच बसतं, आणि बॉल मोठा असला तर पाय लोंबकळतात ते वेगळंच.

"मूल निवडेल तीच जागा, बाईंनी मध्ये पडू नये." मग ज्याला फळ्यावरचं नीट दिसत नाही ते मित्रासाठी मागच्या उशीवर जाऊन बसलं तरी बाईंनी बघत राहायचं? २००८ मध्ये वर्गातल्या बसण्याच्या मांडणीवरच्या आठ अभ्यासांचा आढावा आला होता, त्यात एकट्याने करायच्या कामाला रांगेत बसणं सरस ठरलं आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो वर्गात गडबड करणाऱ्या मुलांना! ज्यांच्या नावाने हा मेसेज गळा काढतोय, त्यांनाच. गटात बोलून करायचं काम असेल तर मांडणी बदला ना, नाही कोण म्हणतंय.

पाचवा, "ही आधुनिक मेंदूविज्ञानाची देणगी." मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केलं, तिथे मुलांना स्वतः उचलून हलवता येतील अशी हलकी टेबलं-खुर्च्या होत्या. शंभर वर्षं उलटून गेली त्याला.

आता एक मान्य करते, नाइलाजाने. लहान मुलांना तासन्‌तास एकाच मापाच्या बेंचवर खिळवून ठेवणं चूकच आहे. एकाच वर्गातल्या मुलांच्या उंचीत वीतभर फरक असतो, मध्येमध्ये उठणं, जमिनीवर बसणं, उभं राहून चित्र काढणं हे सगळं असायलाच हवं. मेसेज एवढंच म्हणाला असता तर मीच फॉरवर्ड केला असता.

बहिणीला सांगितलंय, बुडवलेलं सेशन परत लाव आणि बॉलचं तिथेच विचार. पण बॉल आधीच घरी आलाय. भाचा त्यावर बसत नाही, लाथा मारतो.