बहिणीनं सही का करावी?

वडिलांचं तेरावं होऊन महिना झाला नाही तोच आमच्या मित्रानं बहिणीपुढं हक्कसोडपत्र ठेवलं. आई आधीच गेलेली. बहिणीनं सही केली नाही, आणि साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या आमच्या कट्ट्यावर जुंपली.

बापू म्हणाला, "लग्नात सोनं घातलं, जेवणावळी उठवल्या. आता जमिनीतही वाटा?"

वकील उसळला. "लग्नाचा खर्च म्हणजे वाटणी नव्हे, बापू. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तबही केलंय."

"आणि सातबाऱ्यावर याचं एकट्याचंच नाव लागलं तर?"

"लागू दे. फेरफार ही नुसती सरकारदरबारची नोंद, तिनं मालकी ठरत नाही."

इतका वेळ गप्प असलेला मित्र बोलला, "बाबा अंथरुणाला खिळले होते. त्यांचं हगणं-मुतणं मी काढलं, रात्री कूस मी बदलली. ती राखीला नि दिवाळीला यायची. त्याचं मोल कुठं धरलंय तुमच्या कायद्यात?"

वकिलाचा आवाज उतरला. "नाही धरलेलं. बाबांनी मृत्युपत्र केलं असतं, तर त्यांचा स्वतःचा हिस्सा तुला देता आला असता. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणीची सक्तीही नाही."

मला मित्राचं दुखणं पटतं. घरोघरी सेवा एकाच्या गळ्यात पडते आणि वाटणीच्या वेळी कुणी तिचं नावही काढत नाही. पण हे तो बहिणीशी कधी बोललाच नाही. वर काकांकरवी निरोप, 'सही कर, नाहीतर माहेर तुटलं.' बाप नुकताच गेलाय अशा बाईला ही धमकी द्यायची? मला याची चीड येते, आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलं.

"माझ्या बहिणींनी आपणहून सोडलं," बापू म्हणाला.

"विचारलं होतंस त्यांना? की कागद टाइप करूनच नेला होतास?"

"माझ्या घरात शिरू नकोस!" बापू उठलाच. त्याला हात धरून बसवावं लागलं.

शेवटी वकिलानं मित्राला मार्ग सांगितला. दवाखान्याचा, औषधांचा खर्च लिहून काढ. काकांना मध्ये घेऊ नकोस, बहिणीसमोर एकटा बस. राहतं घर तुला हवं असेल तर शेतात तिला तेवढं जास्त दे. जे ठरेल ते रीतसर नोंदवून घ्या.

मित्र रविवारी कराडला तिच्याकडं जायला तयार झाला. बापू अजूनही म्हणतोय, जाऊ नकोस, गेलास की वाटा गेला.